माशीच्या डोळ्यातलं कोड

आमच्या ह्यांना कोणी विचारलं, की तुम्ही काय करता, तर हे सरळ सांगतात, "माश्या पाळतो." मला बघायला आले तेव्हा माझ्या मामांनाही हेच सांगितलं. मामा अकोल्याचे साधे माणूस, त्यांना वाटलं मधमाश्या. मध किती निघतो म्हणून विचारलं. तर हे अगदी गंभीर तोंडानं म्हणाले, "मध निघत नाही. पिकल्या केळ्यावर चिलटं बसतात ना, त्या माश्या." बैठकीत सगळे खो खो हसले आणि मला मात्र हा माणूस आवडून गेला. काय सांगू, तेव्हा अक्कल कमी होती.

नाव धर्मेंद्र. भातकुलीकडच्या शेतकरी घरातले. अमरावतीच्या एका कॉलेजात तासिकेवर प्राणिशास्त्र शिकवतात. तासिकेवर म्हणजे शिकवाल तेवढा वेळ तुम्ही सर, उन्हाळी सुट्टी लागली की तुम्ही कोणीच नाही. पण माश्यांना कुठली आली सुट्टी? त्यांना नव्या बाटलीत हलवायचं, मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून खायला द्यायचं, नर वेगळे, माद्या वेगळ्या करायच्या. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर लोक देवळात जातात, आमचे हे लॅबमध्ये. आम्ही राहतो राजापेठेत. खाली कोचिंग क्लास आहे, तिथं मी ॲडमिशनचं काम पाहते. पोरांचा गलका, गाड्यांचे हॉर्न, आणि घरात ह्यांच्या शर्टाला येणारा आंबट गुळाचा वास. सवय झाली आता.

एक खोड मात्र मला कधी सोसली नाही. ह्यांना चुकीचा शब्द खपत नाही. टीव्हीवर कोणी पुढारी म्हणाला, आमच्या रक्तातच हे जनुक आहे, की हे जेवता जेवता टीव्हीशी भांडणार. मी एकदा थट्टेनं म्हटलं, "तुमचंही तुमच्या त्या माशीच्या जनुकासारखंच हो, माल चांगला पण जागा चुकली." मला वाटलं हसतील. तर केवढे चिडले! "मी जनुक नाही, मी तासिकेवरचा मास्तर आहे. माशीची गोष्ट माशीची राहू दे. माणसाला चिकटवली की दोन्ही खोट्या होतात." चांगला अर्धा दिवस बोलले नाहीत माझ्याशी. आणि अशा माणसानं जन्मात एकदा सैल शब्द वापरला, तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईसमोर.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. आम्ही गावी गेलो होतो. ओट्यावर चहा चालला होता. माझ्या सासूबाई, वच्छलाबाई, ह्यांना म्हणाल्या, "धर्मा, इतके वर्ष काय करून राहिला रे तू त्या माश्यायचं? मले समजन असं सांग एकदा."

आईनं विचारलं म्हणून हे फुलून गेले. नाहीतर ह्यांना विचारतो कोण? म्हणाले, "आई, माशीचा डोळा लाल असते. तो लाल करन्याचा हुकूम तिच्या अंगातल्या धाग्यावर असते. तो धागा काही जागी मोकळा, काही जागी दाबून बसवलेला. आपल्या कापसाचं पाह्य ना. बैलबंडीतल्या कापसात हात घातला तं आरपार जाते. तोच जिनिंगमधून दाबून गठाण होऊन आला की बोटही शिरत नाही. आता माह्या माश्यायमधे काय झालं, धागा तुटला अन् उलटा होऊन जुळला. लाल रंगाचा हुकूम जाऊन पडला गठाणीच्या बाजूले. गठाण पसरली त्याच्यावर. हुकूम साबूत हाये, काही मोडलं नाही, फक्त दबला. काही पेशींत दबला, काहींत नाही. जिथं दबला तिथं डोळा पांढरा, नाही दबला तिथं लाल."

"मंग तो डोळा दिसते कसा?" सासूबाई म्हणाल्या.

ह्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधात त्याला एक हातभर लांब शब्द आहे, तो काही ओट्यावर चालण्यासारखा नव्हता. हे म्हणाले, "कसा म्हंजे... माशीच्या डोळ्याले कोड यावं ना, तसा."

त्याच वेळी अपेक्षा चिवड्याच्या वाट्या घेऊन बाहेर आली. माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. शाळेत होती तेव्हापासून तिच्या बोटांवर कोड. पुढं मनगटांवर चढलं, मग ओठांच्या कडेला. पोरगी इतकी गुणाची, की ब्लाउज शिवावा तर तिनंच. पण अलीकडे काही बाया कापड द्यायच्या आधी तिच्या हातांकडे पाहत, आणि "मंग येतो" म्हणून निघून जात. अकोल्याहून एक स्थळ आलं होतं. मुलगा खरंच चांगला, त्याला ती पसंत होती. त्याच्या आईनं मात्र अपेक्षाच्या हातचा चहा घेतला आणि तसाच खाली ठेवून दिला. साय धरली त्या चहावर, आम्ही सगळे बघत बसलो.

अपेक्षानं आईपुढे चिवड्याची वाटी ठेवली. तिच्या हातांकडे पाहत सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजे त्याच्यात कोनाचा दोष नसते?"

"दोष कोनाचा असन आई? जागा बदलली, बस."

तुम्हाला सांगते, त्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. अपेक्षा पोटात असताना त्यांनी मासे खाऊन वर दूध प्यायलं, म्हणून पोरीला कोड आलं, असं त्यांच्या सासूनं एकदा म्हटलं होतं. सासू गेली, पण ते बोलणं काही गेलं नाही. सणासुदीला कोणी ना कोणी काढायचंच. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि रात्र रात्र जागायच्या. आता त्यांनी विचारलं, "अन् दबलं ते पुन्ना उठते का?"

"उठते ना!" हे म्हणाले. "एक दुसरं जनुक बिघडलं की गठाण सैल होते. पिलं पुरे लाल डोळ्याचे निघतात. तेच तं माहं काम हाये."

एक शब्दही खोटा नव्हता हो. हीच तर पंचाईत झाली.

पुढं माघात माझ्या अकोल्याच्या मामीचा फोन आला. "काय वं वर्षाली, तुह्या नवऱ्यानं कोडाचं औषध काढलं म्हंते? अन् आमाले पत्ता नाही!" विचारत गेले तेव्हा सगळं कळलं. सासूबाईंनी अकोल्याच्या स्थळाकडे निरोप धाडला होता. माझा मुलगा याच रोगावर शोध लावून राहिला, माश्यांवर झालं, आता माणसांवर, तुम्ही जरा धीर धरा. आणि ते लोकही भले, पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. त्याहून वाईट म्हणजे अपेक्षानं दवाखाना सोडून दिला होता. अमरावतीला एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे ती उजेडाचे शेक घ्यायला यायची, पेटीसारख्या मशीनमध्ये उभं राहून. ओठांजवळ रंग दाण्यादाण्यानं परत यायला लागला होता. हात काही दाद देत नव्हते, पण ओठ देत होते. आणि ही म्हणते, दादाचं औषध येऊनच राहिलं, मंग बसनं हेलपाटे काहून मारू?

हे त्याच दिवशी गावी गेले, मीही गेले. ह्यांनी आईला समोर बसवून सगळं सांगितलं. माशीचं कोड म्हणजे कोड नव्हे. अपेक्षाच्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशीच मरून राहिल्या, तिचं अंगच त्यांना मारून राहिलं. माशीच्या डोळ्यात कोणी मरत नाही, नुसता हुकूम दबतो. दोन वेगळ्या गोष्टी.

सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मरन-बिरन असं अभद्र नको बोलू. अन् मले मालूम हाये, पुरं व्हायच्या आंधी तुमी लोक सांगत नसता. बरंच करता. नजर लागते."

"आई, मी औषध नाही काढून राहिलो!"

"बरं बाप्पा, नाही काढून राहिला. जेव आता."

मी तिथंच चिडले. म्हटलं, आई, जरा ऐका तरी! तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच औषध दडवून ठेवलंय. अपेक्षाला ह्यांनी वेगळं गाठून सांगितलं. ती मान हलवत राहिली, हो दादा, हो दादा. दवाखान्यात जाईन म्हणाली. दोनदा गेली आणि पुन्हा बंद. आम्ही फोन करायचो, ती म्हणायची शिलाईचं काम हाये, लगीनसराई हाये. बांधून तर आणता येत नाही मोठ्या पोरीला.

एप्रिलमध्ये ती कापड घ्यायला अमरावतीला आली आणि आमच्याकडे मुक्कामाला राहिली. त्या आठवड्यात लॅबचा एसी नीट थंड करत नव्हता. हे रोज काळजीत असायचे, माश्या जास्त तापल्या तर मरतात. त्या दिवशी मात्र घरात पाय ठेवला तो नाचतच. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते, कुकरच्या शिट्टीत मला अर्धंच ऐकू आलं. हे बाहेर अपेक्षाला सांगत होते, "पंचवीसवरून खोली एकोणतीसवर गेली, अन् त्या गरमीत वाढलेली पिलं पाह्य! पयल्यापेक्षा कितीतरी लाल डोळे! पुस्तकात वाचलं होतं, गरमीनं गठाण सैल होते, थंडीनं घट्ट. पन आपल्या डोळ्यानं पाह्यची मजा वेगळीच." ती हसत होती. बिचाऱ्याच्या आनंदात सामील व्हायला घरात कोणी मिळालं, म्हणून मला उलट बरं वाटलं.

मे महिन्यात सासूबाईंचा फोन आला. रडत होत्या, धड काही सांगता येईना. शेजारचा माणूस जीपमध्ये घालून अपेक्षाला अमरावतीला घेऊन आला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. पाण्यानं टरारलेले फोड, काही फुटलेले. पावलांवर तसेच. तिनं कोण्या दुकानातून कोडावर लावतात ते बावचीचं तेल आणलं होतं. ते कोपरापर्यंत चोपडायची, पावलांवरही ओघळायचं, आणि घरच्या स्लॅबवर भर दुपारी हात पसरून बसायची. वऱ्हाडातला मे हो! त्या दिवसांत आम्ही दोरीवरचे कपडे काढायला सुद्धा उन्हात जात नाही. आणि ही पोट्टी त्या तापलेल्या स्लॅबवर रोज बसत होती. आई विचारायची, तर म्हणायची, पापड वाळू घातले, राखन करते.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "कोणी सांगितलं तुला उन्हात बसायला? हे तेल लावून ऊन घेतलं की कातडी जळते, माहीत नाही? कोणी सांगितलं?"

अपेक्षा म्हणाली, "कोनी नाही."

हे पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांना तोवर समजलं नव्हतं. डॉक्टरीणबाई गेल्या आणि मी तिला पाणी पाजत होते, तेव्हा ती मला हळू आवाजात म्हणाली, "वैनी, दादाच्या माश्या गरमीनंच लाल झाल्या न? मी म्हनलं, मशीनच्या उजेडापेक्षा उन्हात गरमी जास्त." कितीही हळू बोलली तरी खोली केवढीशी. ह्यांनी ऐकलं. हे खालीच बसले, फरशीवर. तोंडातल्या तोंडात म्हणत राहिले, "पंचवीसचे एकोणतीस. तेवढंच होतं वं. पंचवीसचे एकोणतीस." मी ह्यांना उठवायला गेले तर हात सुटेना, इतका घट्ट पलंगाचा पाय धरला होता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण कोणावर काढू? आईवर? त्या बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बसलेल्या. ह्यांच्यावर? माश्यांवर?

जखमा भरल्या. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, कोड असलेल्या माणसाची कातडी जिथं जळते, खरचटते, तिथं नवं कोड येऊ शकतं. तसंच झालं. पावसाळा लागला तोवर जिथं जिथं भाजलं होतं तिथली कातडी पांढरी होऊन आली. मनगटावर थांबलेलं कोड कोपरापर्यंत पोचलं. पावलांवर कधी नव्हतं, तिथंही आलं. ओठांजवळचे ते दाणे तेवढे टिकून होते.

हे माणसात राहिले नाहीत. माश्यांना खाऊ घालून यायचे, पण काम बंद. मार्गदर्शक सरांचे फोन घेईनात. मी सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, एकदा ताटही आपटलं. हे म्हणत, "मी तो शब्द वापराले नको होता." दुसरं काही नाही.

मग श्रावणातल्या एका रविवारी अपेक्षा तपासणीला आली आणि म्हणाली, "दादा, मले त्या माश्या दाखव."

आम्ही तिघं लॅबमध्ये गेलो. कॉलेज बंद, वॉचमननं कुलूप काढून दिलं. एसी दुरुस्त झाला होता. ह्यांनी एका बाटलीतल्या माश्यांना इथरची गुंगी दिली, पांढऱ्या चकतीवर ओतल्या, ब्रशनं सरळ केल्या आणि बाजूला झाले. अपेक्षा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"सुंदर दिसते रे," ती म्हणाली. "दोन सारख्या नाहीत."

ह्यांनी दुसरी बाटली ओतली. "ह्या पाह्य. गठाण सैल झालेल्या."

"ह्या बऱ्या झाल्या."

"नाही अपेक्षा. बऱ्या नाही झाल्या. ह्या जल्मल्याच अशा. ज्या माशीच्या डोळ्यात पांढरं आलं ते ती मरेपर्यंत तसंच राह्यते. गरमी दे, थंडी दे, काही कर. ते अळी असतानीच ठरून जाते. मोठ्या झालेल्या माशीचा डोळा मी आजपावेतो एकदाही बदलू शकलो नाही. कोनीच नाही बदलला." ह्यांनी ब्रश खाली ठेवला. "अन् तुह्या हाताचं अन् ह्याचं काही नातं नाही. माह्याजवळ औषध नाही. कधीच नव्हतं. तुले समजून राहिलं न मी काय म्हनतो?"

तिनं मान वर केली. मला वाटलं आता पुन्हा "हो दादा" म्हणेल आणि मी खरंच तिथं किंचाळले असते.

ती म्हणाली, "मले मालूम हाये. दवाखान्यातच समजलं. डॉक्टरीणबाईनं चित्र काढून सांगतलं." मग ह्यांचा हात आपल्या त्या पांढऱ्या हातात घेतला. "पन आईले नको सांगू."

"काहून? आईमुळंच तं सगळं—"

"दादा, ती आता रातीले झोपते. मी तिच्या बाजूले निजतो, मले मालूम. आंधी उठून बसे. मासे अन् दूध, मासे अन् दूध, एकटीच बडबड करे. तू जवापासून ते गठाणीचं सांगतलं, तवापासून बंद झालं. माह्या हातावरचे फोड पाहूनही ती म्हने, धर्मा करीन बरोबर, कोनाचा दोष नाही त्याच्यात. आता तू म्हनशीन औषध खोटं, तं ते दोष नसल्याचंही खोटं होऊन जाईन तिच्यासाठी. तिले दोन वेगळ्या गोष्टी नाही समजनार. तुले समजतात म्हून तुले सांगून राहिली."

हे म्हणाले, "पन कोडातही तिचा दोष नाहीच न वं. मासे-दुधानं काहीच होत नसते. ते तं खरं हाये."

"खरं हाये. पन तिनं ते तुह्या माश्यायवरून मानलं. दुसऱ्या कोन्या खऱ्यावरून नाही मानत ती. डॉक्टरीणबाईनंही सांगून पाह्यलं."

"अन् अकोल्याचे? दिवाळीले ते विचारतीन."

"मले विचारतीन. मी नाही म्हनून देईन. मले लगीन कराचंच नाही म्हनीन. माह्यावर येऊ दे ते, तिच्यावर नको."

पोरगी स्थळ मोडायला निघाली होती, तेही स्वतःच्या तोंडानं, आणि तिच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. चकतीवरच्या माश्या गुंगीतून उठायला लागल्या. एकेक पाय हलवत होत्या. हे एरवी धावले असते. आज नुसते पाहत बसले. दोन-तीन उडाल्या सुद्धा.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. गावचाच होता. ह्यांचे हात इथरचे, म्हणून मीच उचलला आणि समोर टेबलावर ठेवला. सासूबाईंचा आवाज खोलीभर झाला.

"धर्मा, अकोल्याहून निरोप आला रे. पोरगा म्हंते, दिवाळीच काय, आमी होळीपर्यंत थांबतो. चांगले लोक हायेत बाप्पा. तू सांग, कुठवर आलं तुहं?"

ह्यांनी अपेक्षाकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली, सांगू नको. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"धर्मा? आयकू येऊन राहिलं का?"

"येऊन राहिलं," हे म्हणाले.

"मंग?"

"करून राहिलो, आई."